अर्धा अभ्यास तुझ्यापाशी

वत्सला,

तुझ्या शाळेतले गुरुजी दारात उभे राहून सांगत होते आणि मी त्यांना विचारलं, "कुठली वत्सला?" मला वत्सला एकच माहीत. तरी विचारलं. त्यांनी चपला न काढताच पुन्हा सांगितलं. सकाळी न्हाणीपाशी पाणी तापवत होतीस. डोकं ठणकतंय म्हणालीस, भिंतीला धरून खाली बसलीस आणि उठली नाहीस. महाडहून डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डोक्यातली शीर तुटली म्हणे. मी "बरं" म्हटलं. कुणी निरोप द्यावा आणि आपण तो ऐकून ठेवावा तसं. गुरुजी गेल्यावर आत गेले, चुलीवरचं दूध उतरवलं आणि इतिहासाचं पुस्तक उघडून बसले. शनिवारी तुला जमीनमहसुलाचं प्रकरण सांगायचं होतं आणि ते अजून माझं तयार नव्हतं.

एक पान वाचून झालं, खाली पेन्सिलीने रेघ मारून झाली, तेव्हा कुठे हात थांबला. कुणाला सांगणार होते मी ते?

परीक्षा तोंडावर आली आहे. आपल्या दोघींची प्रवेशपत्रं एकाच टपालाने माझ्या पत्त्यावर आली, कारण तुमच्या तुडीलला टपाल उशिरा येतं म्हणून अर्जावर पत्ता माझाच घातला होता. पुण्याला जायचं ते वरंध घाटातून, की मुंबईवरून लांबच्या वाटेनं, यावर आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. तुला घाट लागतो. वळणं सुरू झाली की तुझं बोलणं बंद होतं. तू गप्प बसण्याची तेवढी एकच जागा पृथ्वीवर आहे, असं मी तुला म्हटलं होतं. आता सगळं घर विचारतं, "तू जाणार ना पेपरला?" मी मान हलवते. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, ते मलाच कळत नाही.

आणि हे नुसतं दुःखामुळे नाही, वत्सला. मला खरोखरच अर्धा अभ्यास येत नाही.

बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या बायकांना शिकवायला कुणी नसतं. कॉलेजची पायरी आपण चढलो ती अर्जावर सही-शिक्का घ्यायला. मी इथे महाडला मुलींच्या शाळेत, तू तुडीलच्या प्राथमिक शाळेत. दिवसभर दुसऱ्यांची पोरं शिकवायची आणि मग घरचं आवरून पुस्तक उघडायचं. एवढे विषय एकटीने कधी वाचून व्हायचे? तेव्हा युक्ती तूच काढलीस. "आमच्याकडे लावणीला सावड करतात तशी करू," म्हणालीस. "आज तुमची माणसं माझ्या खाचरात, उद्या माझी तुमच्या. तू इतिहास आणि नीतिशास्त्र वाच. मी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र वाचते. शनिवारी एकमेकींना सांगू. मग प्रश्न घालू, उत्तरं लिहू, बदलून तपासू."

मी म्हटलं, "पण पुस्तक न वाचता?"

"तू वाचलंस म्हणजे मी वाचलं. विश्वास नाय काय माझ्यावर?"

होता ना. इतका होता की तुझ्या विषयांची पुस्तकं मी कव्हर घालण्यापुरतीच हातात धरली. सावड शेतात चालते, कारण रोप लावून झालं की ते त्या शेतातच राहतं. तू लावलेलं मात्र तुझ्या आवाजासकट माझ्या डोक्यात आहे, आणि आता ते तपासायला कुणी नाही. ही चूक आपल्या दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. येणार तरी कशी? एक जण मधूनच उठून जाईल, हे कोण धरून चालतं?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तू निघायचीस. दारात आलीस की आधी पाणी, मग पायातली धूळ, मग "चल, घाल प्रश्न." चहा प्यायलाही थांबायची नाहीस. घटत्या उपयोगितेचा नियम तू मला कसा सांगितलास, आठवतं? मी पेन्सिल घेऊन बसले होते.

"शिमग्याला नवरा मुंबईहून येतो," तू म्हणालीस. "पहिल्या दिवशी त्याला काय करू नि काय नको. तिसऱ्या दिवशी त्याची पँट दोरीवरून मीच काढते, पण गुरगुरत. आठव्या दिवशी मनात येतं, गाडी कधीची हाय याची?"

"हे पुस्तकात आहे?"

"पुस्तकात संत्री हायत. मला संत्र्यांचं काय देणंघेणं?"

मी हसून हसून लिहिणं सोडलं. पण नियम मात्र कधी विसरले नाही. पेपरात संत्रीच लिही, असं बजावायलाही तू विसरली नाहीस.

इतिहास सांगायची पाळी माझी आली की मात्र तू मला जेरीस आणायचीस. मी कारणं सांगायची, परिणाम सांगायचे, तू मधेच बोट वर करायचीस, तुझ्या वर्गातल्या पोरांसारखं. "गडावर एवढी माणसं जेवली म्हणतेस, तर खालून पाचाडातून तांदूळ चढवला कुणी?"

"ते विचारत नाहीत, वत्सला."

"विचारत नायत म्हणून चढवला नाय काय?"

मी चिडायचे. परीक्षेत त्याला गुण नाहीत, म्हणायचे. तू म्हणायचीस, गुण नसतील, पण उत्तर तर असेल ना. आता मी इतिहासाचं कुठलंही पान उघडते तेव्हा डोक्यावर पोतं घेतलेली माणसं आधी दिसतात, मग लढाई.

आपलं खरं भांडण मात्र विषयांचं नव्हतं, उत्तरांचं होतं. प्रश्नाच्या शेवटी 'चर्चा करा' असं दिसलं की मी शांतपणे पान मधोमध दुमडून त्याचे दोन भाग करायचे. एका बाजूला अनुकूल मतं, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल, शेवटी चार ओळींत दोन्हींचा समन्वय. राज्यसंस्था आवश्यक आहे का? काही अंशी. सुख हेच अंतिम ध्येय आहे का? एका मर्यादेपर्यंत. इतिहास व्यक्ती घडवतात की परिस्थिती? दोन्ही. व्यवस्थित, नीटनेटकं. माझं अक्षरही चांगलं. एकदा तू तपासायला घेतलेलं उत्तर माझ्यापुढे टाकलंस आणि म्हणालीस, "तू म्हणजे आमच्या गावची होडी गो. दिवसभर हालतेस, पण ना ह्या काठाला, ना त्या."

"होडी लागते म्हणूनच माणसं पलीकडे जातात," मी म्हटलं.

"माणसं जातात. होडी नाय जात."

माझं म्हणणं साधं होतं. आपण विद्यार्थी. आपलं मत कोण विचारतं? मोठ्या लोकांनी काय म्हटलं ते सांगावं आणि अदबीने बाजूला व्हावं. तू म्हणायचीस, "तपासणारा बिचारा गठ्ठा पुढे घेऊन बसलेला असेल. सगळ्या बाया आपल्या 'एकीकडे' नि 'दुसरीकडे' करत बसलेल्या. एकीनं तरी ठामपणे सांगावं, मला असं वाटतं नि का वाटतं, तर त्याला जरा वारा लागेल." मी म्हणायचे, वारा लागला म्हणून तो पास करत नाही. तू म्हणायचीस, बघू.

हे भांडण मी जिंकलं असतं की तू, ते आपल्या निकालावर ठरायचं होतं.

शेवटच्या शनिवारी तू आलीस ती कपाळाला ओली पट्टी बांधून. मी विचारलं, तर म्हणालीस, उन्हाचं आहे. मी सुंठ उगाळते म्हटलं. तू म्हणालीस, "सुंठ नको, प्रश्न काढ." मी तुझं ऐकलं. या वाक्यापुढे मला काही लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाते.

प्रश्न समाजशास्त्राचा होता. 'एकत्र कुटुंबपद्धती मोडत आहे काय? चर्चा करा.' मी आदल्या आठवड्यात लिहून ठेवलेलं उत्तर तू वाचलंस. शहरं वाढली, कारखाने आले, तरुण बाहेर पडले, म्हणून मोडत आहे. सणवार, जमीन आणि संस्कार टिकून आहेत, म्हणून मोडत नाही. तू कागद खाली ठेवलास.

"आता मला सांग," तू म्हणालीस, "माझं घर एकत्र हाय की विभक्त? नवरा मुंबईत, खोलीत सात गडी, स्टोव्ह त्यांचा एक. दीर सुरतेला. आत्याबाई नि मी तुडीलला, चूल आमची एक. शेत आम्ही बघतो. पैसा तो धाडतो. घालशील कुठल्या बाजूला?"

"ते अपवादात्मक झालं."

"पोलादपुरापासून महाडापर्यंत दारं वाजवत ये. अपवाद दाखव मला."

तू डोळे मिटून, पट्टी दाबत, सावकाश म्हणालीस, "एका समाजशास्त्रज्ञाने म्हटलं आहे, एकाच माणसाची वाट पाहणारी माणसं म्हणजे कुटुंब. चुलीवर जाऊ नये, छपरावर जाऊ नये. वाट कोण कुणाची बघतं, एवढं मोजावं. त्या हिशोबानं आमचं घर मोडलेलं नाय. लिही."

मी लिहिलं. फार आवडलं मला ते. पण मी मीच ना. लगेच दुसरी बाजू काढली. "मग तो माणूस घरी आला की? वाट बघणं संपलं. कुटुंब पण संपलं?"

तू डोळे उघडलेस. एवढी हसलीस की पट्टी सुटली. "हे बरं काढलंस गो! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी तुझं स्वतःचं बोललीस." मग पिशवी उचलत म्हणालीस, "याचं उत्तर मी पुढच्या शनवारी देते. आणि तू एक कर. एक उत्तर तरी असं लिहून आण, ज्यात पान दुमडलेलं नसेल."

गाडी स्टँडवर लागली होती. तू मागे वळून बघितलं नाहीस, कारण बघण्यासारखं काही नव्हतं. शनिवार तर येणारच होता.

गुरुजी येऊन गेल्यावर दोन-तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. मग एका दुपारी तुझ्या विषयांची पुस्तकं काढली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात खरंच संत्री निघाली. ओळखीची माणसं परक्या गावात भेटावीत तसे सगळे नियम भेटत होते, पण तुझ्याशिवाय ते किती कोरडे आहेत! मग समाजशास्त्राचं पुस्तक घेतलं आणि ती व्याख्या शोधायला लागले. कुटुंबाचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नाही सापडली. दुसरं पुस्तक आमच्या शाळेच्या कपाटात होतं, ते आणलं. त्यातही नाही. एकाने म्हटलं आहे, एका छपराखाली राहणारे. दुसऱ्याने म्हटलं आहे, एकत्र शिजवलेलं खाणारे. रक्ताचे, लग्नाचे, मालमत्तेचे. वाट पाहणारे कुठेच नाहीत. सूची पाहिली, तळटीपा पाहिल्या. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. समाजशास्त्रात मी कच्ची आहे, माझी ती मुळी बाजूच नव्हे.

मग एकदम कळलं आणि मी पुस्तक हातात घेऊन तशीच उभी राहिले. असा कुणी समाजशास्त्रज्ञ नाहीच. ते तू म्हणालीस. डोकं फुटत असताना, माझ्या ओटीवर, डोळे मिटून. आणि मी मोठ्या माणसाचं नाव असल्याशिवाय कागदावर काही उतरवून घेत नाही, हे ठाऊक असल्यामुळे पुढे 'एका समाजशास्त्रज्ञाने' लावून दिलंस.

तुझा राग आला मला. गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. विचारायचं होतं, आणखी काय काय असंच शिकवलंस गं? कुठलं पुस्तकाचं आणि कुठलं तुझं, ते मी कसं निवडू? पेपर तुझ्याविना लिहायचा, तर तुझ्यातलं किती लिहायचं? ठरवून टाकलं, परीक्षेला बसायचं नाही. पुढच्या वर्षी, सगळे विषय स्वतः वाचून, बघू.

दुसऱ्या दिवशी तुडीलला आले. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून कुळथाचं पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. सुतक असलेल्या घरात चूल थंड असते. बाहेरच्यांनी शिजवून नेऊन घरच्यांना दोन घास खायला लावायचे, त्याला कडू घास म्हणतात, हे तुला सांगायला नको. मी बाहेरची. वाढायचं, हात धुवायचे आणि परतायचं, एवढं माझं काम.

तुझं घर मी पहिल्यांदाच पाहिलं, वत्सला. इतकी वर्षं तूच येत राहिलीस. न्हाणी कुठे आहे ते मी विचारलं नाही, पण अंगणातून जाताना दिसलीच. हंडा उपडा घालून ठेवला होता.

गणपतराव पडवीत बसले होते, डोक्यावरचे केस काढलेले. मला वाटायचं, तुझ्या बोलण्यातला तो आठव्या दिवशीचा नवरा चांगला धिप्पाड असेल. लहानखुरे आहेत गं ते. मला बघून म्हणाले, "या बाई." मग आपले आपणच म्हणाले, "तार मिळाली. पन टायमावर गाडी भेटली नाय. समदी माझ्यासाठी थांबली व्हती, उन्हं उतरंस्तवर. मी आलो तवर..." आणि हातानेच पुढचं सांगितलं. शेजारच्या बाईने त्यांना आत बोलावलं.

पत्रावळी मांडल्या होत्या. तुझ्या सासूबाई, तू म्हणायचीस त्या आत्याबाई, गणपतराव, सुरतेहून आलेले दीर. मी भाकरी मोडून वाढली, पिठलं वाढलं. कुणी हात लावत नव्हतं. मी म्हटलं, "थोडं तरी घ्या." असं म्हणायचं असतं. मग मागे सरले.

आत्याबाई म्हणाल्या, "तू कुठं चाललीस?"

"मी निघते आता. गाडी आहे."

"गाडी जाईल नि दुसरी येईल. बस हितं."

शेजारची बाई पुढे झाली. "आत्याबाई, ती बाहेरची. तिनंच आणलं, तिनंच कसं खायाचं? तसं नसतं."

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत होत्या. तू सांगायचीस, त्यांचे डोळे गेलेत, सुईत धागा ओवता येत नाही. मला नाही तसं वाटलं.

"हिचं बी मानूस गेलंय नव्हं?" त्या म्हणाल्या. "मंग? मांड पत्रावळ. नि तू वाढ हिला. हिच्या हातानं हिनं घ्यायचं न्हाय."

शेजारणीने पत्रावळ मांडली. मीच सकाळी भाजलेली भाकरी तिने मला वाढली. मी तुझ्या दिराच्या शेजारी बसले. गणपतरावांनी पहिला घास घेतला, मग आत्याबाईंनी, मग मी. पिठलं खारट झालं होतं, घाईत मीठ दोनदा पडलं असावं. कुणी तसं म्हटलं नाही. तिथे, सगळ्यांच्या ओळीत बसून, मला पहिल्यांदा खरं वाटलं की तू नाहीस. गुरुजींनी सांगितलं तेव्हा नव्हतं वाटलं. न्हाणी बघूनही नाही. तुझं नाव न घेता चार माणसं खाली मान घालून जेवत होती आणि चौघांचेही कान दाराकडे होते. अंगणात कुणाचं पाऊल वाजलं तशी सगळ्यांनी मान वर केली. गुरासाठी गवत घेऊन कुणी चाललं होतं. आम्ही पुन्हा माना खाली घातल्या.

निघताना आत्याबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. "परीक्षा कधी हाय?" म्हणाल्या. मी सांगितलं. "लिहिशील?" तू असतीस तर मी म्हटलं असतं, एका अर्थाने हो, एका अर्थाने नाही. मी "हो" म्हटलं. त्या "बरं" म्हणून आत गेल्या. एवढंच.

तर मी जाते आहे. घाटातूनच जाईन. तुझे दोन विषय कसे होतात ते होवोत. कुठलं पुस्तकाचं आणि कुठलं तुझं, हे निवडण्याचा नाद मी सोडला आहे. नापास झाले तर तुझ्यामुळे, आणि पास झाले तरी तुझ्यामुळे. यात समन्वय नाही.

माणूस घरी आला की वाट बघणं संपतं, मग कुटुंब संपतं का, हे मी विचारलं होतं. तुझं उत्तर काय असतं, मला माहीत नाही. तुडीलच्या त्या पंगतीत मी जे पाहिलं ते माझं उत्तर आहे: माणूस घरी आला होता, तरी चौघांचे कान दाराकडेच होते. बरोबर की चूक ते तपासायला तू हवी होतीस. तू कागदावर लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलं असतंस आणि मी आठवडाभर कुढत बसले असते. ते राहिलं.

तो प्रश्न पेपरात येईल किंवा येणार नाही. आला तर पानाचे दोन भाग करणार नाही. पहिल्याच ओळीत माझं मत लिहीन, आणि त्याच्याखाली तुझी व्याख्या, अवतरणचिन्हांत. आधार कुणाचा म्हणून काय लिहावं यावर मी काल बराच वेळ घालवला. तुझ्या नावाआधी 'कै.' लावून पाहिलं. हात चालेना. मग समाजशास्त्राचं पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात नावं असलेले बहुतेक विद्वान कधीचेच गेलेले आहेत, पण एकाच्याही आधी कुणी 'कै.' लावलेलं नाही. 'अमुक म्हणतात', 'अमुक यांचे मत असे आहे', सगळं असं, आत्ता बोलत असल्यासारखं. तेव्हा मी लिहीन: 'समाजशास्त्रज्ञ वत्सला जाधव म्हणतात.'